सावलीत लावलेली गाडी

मेहरूणला भाड्याची खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांचे मला आधी पाय दिसले. फाटकासमोर एक पांढरी गाडी उभी होती. ड्रायव्हरच्या बाजूचं दार सताड उघडं, आणि त्यातून पायजम्यातले दोन पाय बाहेर आलेले. एका पायात चप्पल होती, दुसऱ्या पायातली रस्त्यावर पालथी पडली होती. जळगावचं ऊन मला ठाऊक होतं, त्यामुळे माणूस चक्कर येऊन पडला असणार असं धरूनच मी धावले. तेवढ्यात स्टिअरिंगच्या खालून आवाज आला, "चावी दोन घरं फिरवा. इंजिन नको. नुसते दिवे."

आजूबाजूला दुसरं कोणी नव्हतं. गाडीचा मालक समोर दूध घ्यायला गेला होता, हे मला नंतर कळलं. मी त्या पायांवरून वाकून चावी फिरवली.

"लागले?"

"लागले."

"इंजिनाच्या चित्राचा पिवळा?"

"तोही लागलाय."

"लागणारच," आवाज समाधानाने म्हणाला.

मग हळूहळू उरलेला माणूस बाहेर आला. उंच, काटकुळा, डोक्यावर केस कमी आणि कानांवर भरपूर. हातात विटेएवढं पिवळं यंत्र आणि त्याला जाडजूड काळी वायर. मी खोलीबद्दल विचारलं. "वर आहे. पाणी दिवसाआड येतं. गाडी आहे तुमच्याकडे?" मी म्हटलं, आहे, पण जुनी आहे. "मग राहा," ते म्हणाले. मी कोण, कुठली, एकटी का राहते, हे सगळं इतर घरमालकांनी मला उन्हात उभं करून विचारलं होतं. यांनी काहीच विचारलं नाही. त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, विचारलं, पण निदान आत बसवून, चहा देऊन. मी मूळची शिरपूरकडची आणि बँकेतल्या बदलीमुळे आलेली, एवढ्यावर त्यांचं समाधान झालं.

सगळे त्यांना नाना म्हणत, मीही म्हणू लागले. मूळ गाव धरणगावजवळचं. उभं आयुष्य धुळ्याच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या मुलांना शिकवण्यात गेलं. निवृत्तीच्या वेळी विद्यार्थ्यांनी विचारलं, सर, शाल-श्रीफळाबरोबर काय देऊ? इतर लोक अशा वेळी भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी येतात. नानांनी ते पिवळं यंत्र, म्हणजे गाडी तपासायचा स्कॅनर, मागून घेतला. आणि ज्या माणसाने गाड्यांखेरीज दुसऱ्या कशाचा विचार केला नाही, त्याच्याकडे स्वतःची गाडी नव्हती. सायकल होती. तिला पोर्ट कुठे आहे, असं मी एकदा चेष्टेने विचारलं, तर म्हणाले, "ती रोज स्वतःहून बोलते. तिला यंत्र कशाला?"

पोर्ट हा शब्द त्या घरात मीठ-तेलासारखा वापरात होता. हल्लीच्या गाड्यांत ड्रायव्हरच्या गुडघ्याच्या वर, डॅशबोर्डच्या खालच्या अंगाला, सोळा भोकांचं एक सॉकेट असतं. तिथे स्कॅनर लावला की गाडीच्या आतला संगणक आपल्या तक्रारी आकड्यांच्या भाषेत सांगतो. त्यालाच कोड म्हणतात. आपल्याला नुसता पिवळा दिवा दिसतो, त्यामागचं गाऱ्हाणं या सॉकेटमधून कळतं. पण हे सॉकेट प्रत्येक गाडीत त्याच जागी नसतं. कुठे फ्यूजच्या झाकणामागे, कुठे राखदाणीच्या आत. ते शोधण्यात नानांना जो आनंद होई तो कोड वाचण्यातही होत नसे. ते डोळ्यांनी शोधतच नसत. डोकं खाली घालून, डोळे मिटून, बोटांनी चाचपत. सापडलं की "आहे, आहे" म्हणत, अंधारात काडेपेटी सापडावी तसं.

"अरुंद बाजू खाली," ते मला शिकवत. मी शिकायला गेले नव्हते, पण ती गोष्ट त्यांच्या दृष्टीने गौण होती. "उलटा बसत नाही. बसत नसेल तर तुमचं चुकतंय, त्याचं नाही. जोर लावायचा नाही." मेहरूण तलावावर सकाळी फिरायला येणारी माणसं गाड्या लावून जात, त्या ओळीच्या टोकाला नाना सायकल घेऊन उभे असत. फिरणारा परत आला की नमस्कार करून विचारत, "तुमच्या गाडीचा पोर्ट कुठे आहे, माहीत आहे का?" बहुतेकांना माहीत नसे. कोणाला आपल्या गाडीला असं काही असतं हेच नवीन असे. काही जण हौसेने दाखवून घेत, काही लोक नानांना बघून दुसऱ्या बाजूने फिरायला लागले.

माझ्या गाडीचा पिवळा दिवा मी आले तेव्हापासूनच पेटलेला होता. एका गॅरेजवाल्याने कोड वाचून सेन्सर बदलला होता. दिवा पुन्हा लागला तेव्हा त्याने पुन्हा तोच सेन्सर बदलला. मला वाटलं, नाना आता स्कॅनर घेऊन गाडीत शिरतील. त्यांनी आधी बॉनेट उघडलं. हात मागे बांधून बराच वेळ नुसते आत बघत राहिले, मग वाकून वास घेतला. इंजिनाच्या मागच्या कोपऱ्यात बोट घालून त्यांनी एक वायर वर ओढली. उंदराने ती अर्धी कुरतडली होती, आणि शेजारी कापसाचं घरटंही केलं होतं.

"कोड काय म्हणत होता? सेन्सरचा निरोप येत नाही. सेन्सर मेला असं कुठे म्हणत होता? निरोप येत नाही म्हणजे वाट तुटली असेल. कोड ही तक्रार असते, निकाल नसतो." मग माझ्याकडे असं बघितलं, जणू तो गॅरेजवाला मीच आहे. "आधी बॉनेट. मग डोळे. मग नाक. यंत्र सगळ्यात शेवटी."

असं शिकवताना ते अगदी पुस्तकी मराठी बोलत. राग आला किंवा मन हललं की मात्र अहिराणीवर येत, आणि आपण आलो हे त्यांना कळतही नसे. रागवण्याची कारणं थोडी होती, पण त्यातलं सगळ्यात मोठं म्हणजे झाकण. पोर्टवर पुष्कळ गाड्यांत प्लॅस्टिकचं बोटभर झाकण असतं. ते काढलं की शर्टाच्या वरच्या खिशात ठेवायचं, आणि स्कॅनर काढल्याबरोबर आधी परत बसवायचं. त्यांचा एक जुना विद्यार्थी, आता स्वतःचं गॅरेज असलेला बाप्या माणूस, एकदा भेटायला आला आणि बोलता बोलता झाकण न लावता उठला. नाना अंगणभर ओरडले, "झाकन लावाशिवाय जास तो मेकॅनिक नही, चोर शे! दुसराना घरमा घुसना आनि दार उघडं टाकी उना!" त्या माणसाने कान पकडले आणि झाकण लावलं. काकू म्हणाल्या, लग्नात मला सुद्धा इतक्या प्रेमाने काही समजावलं नव्हतं.

काकूंची तक्रार वेगळी होती. दोंडाईच्याला एका नात्यातल्या लग्नाला सगळे गेले. वाजंत्री लागली, नवरदेव घोड्यावरून उतरला, आणि परतीसाठी सजवून ठेवलेल्या गाडीतून नानांचे पाय बाहेर आलेले वऱ्हाडाला दिसले. पुढच्या काचेवर झेंडूच्या माळा, त्यामुळे आत कोण काय करतंय ते दिसेना. नवरीच्या वडलांना वाटलं, गाडीतच काही विपरीत झालं. नानांनी बाहेर येऊन हात झटकत त्यांना धीर दिला, "काही नाही, फक्त एसीचा कोड आहे." तोवर त्या बापाचं वय वाढून गेलं होतं. हे सांगताना काकू कपाळाला हात लावत. "लोके पंगतमा बसतस, आनि आमना हाऊ मानूस गाडीमा घुसस."

इथवर सगळं हसण्यासारखं होतं. मीही हसायचे. माझं हसू बंद झालं ते स्मिताच्या बाबतीत.

स्मिता त्यांची एकुलती एक मुलगी. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त-लघवीच्या तपासण्या करायची. शांत, नीटनेटकी, बापाची चेष्टा करण्याचा हक्क घरात फक्त तिला होता. तिचं लग्न ठरत नव्हतं. तिला बघायला जी स्थळं येत, त्यांतली बहुतेक गाडीने येत आणि दुपारी येत. पाहुणे ओट्यावर चढले की नाना हात जोडून म्हणत, "गाडी उन्हात आहे. चावी द्या, मी सावलीत लावतो." जळगावच्या मे महिन्यात याला कोण नाही म्हणेल? उलट पाहुण्यांना माणूस अगत्याचा वाटे. रस्त्यापलीकडे मोठा कडुलिंब होता, त्याखाली गाडी लागे. आणि आत पोह्यांच्या बशा फिरत असताना नाना लिंबाखाली, पाय दाराबाहेर काढून, होणाऱ्या जावयाची गाडी वाचत.

एका स्थळाला त्यांनी नकार दिला, कारण गाडीत एअरबॅगचा दोष जुना होता आणि त्याचा दिवा लागू नये म्हणून बल्बच काढून टाकला होता. "जो स्वतःला फसवतो तो बायकोला काय सोडणार?" दुसऱ्या मुलाच्या गाडीचं इंजिन तापल्याचे कोड होते, आणि तरी तो ती तशीच हाकत होता. "याला दुसऱ्याचं दुखणं कळत नाही." त्यांचं बरोबरही असेल, मला काय माहीत? पण ज्या मुलाची गाडी अशी, तो मुलगा तसा, हे गणित मला पटत नव्हतं. माझ्या गाडीत तर उंदराने घर केलं होतं, त्यावरून माझ्याबद्दल काय काढलं असतं? स्मिता वरवर हसून म्हणायची, "नानांनी सावली दिली की स्थळ गेलंच म्हणून समजा." काकू मात्र हसत नसत.

त्यांना दुसरीच धास्ती होती. मी राहायला यायच्या आधी स्मिताचा साखरपुडा झाला होता आणि मोडला होता. मुलाचं मन दुसरीकडे होतं, आणि ते त्याने साखरपुड्यानंतर सांगितलं. तिचा त्यात काडीचाही दोष नव्हता. पण मोडलेल्या साखरपुड्याला कोण कारण विचारतं? तेव्हापासून घरात ठरलं होतं की स्वतःहून सांगायचं नाही, विचारलं तर सांगू. काकू म्हणत, झाकली मूठ सव्वा लाखाची. नाना त्यावर हो म्हणत नसत आणि नाहीही म्हणत नसत. एवढा तक्रारी ऐकणारा माणूस, पण ही गोष्ट निघाली की वर्तमानपत्र उघडायचा.

मग धुळ्याचं स्थळ आलं. मुलगा प्रशांत, शाळेत गणित शिकवणारा. वडलांचं बियाण्यांचं दुकान, त्यांना सगळे आबा म्हणत. सकाळी येणार होते, ते ऐन दुपारी आले. उशीर झाल्याबद्दल आबांनी आल्या आल्या माफी मागितली, पण कारण सांगायच्या आत नानांनी चावीसाठी हात पुढे केला. काकूंनी मला मदतीला बोलावलं होतं. प्रशांत आणि स्मिताला बोलायला म्हणून जिन्यात पाठवलं आणि थोड्या वेळाने जिन्यातून स्मिताच्या हसण्याचा आवाज आला. असा मोकळा आवाज मी त्या घरात ऐकला नव्हता. काकू पोह्यांवर खोबरं घालत होत्या, त्यांचा हात तसाच थांबला.

"काय बोलला गं?" मी तिला नंतर विचारलं.

"पगार नाही विचारला. रक्त घेताना लहान मुलं रडतात तेव्हा तू काय करतेस, असं विचारलं." एवढंच म्हणून ती बशा विसळायला लागली, पण त्याच बशा दोनदा.

पाहुणे निघताना नाना जरा घाईने लिंबाखालून आले. निरोपाच्या वेळी म्हणाले, "दोन दिवसांत कळवतो." आपल्याकडे याचा अर्थ काय होतो ते पाहुण्यांनाही माहीत असतं. आबांचा चेहरा पडलेला मला दिसला.

गाडी वळणाआड गेल्यावर नाना म्हणाले, "एकही कोड नाही."

"मग चांगलंच आहे की," मी म्हटलं.

"एवढ्या जुन्या गाडीत एकही कोड नाही? संगणकाच्या स्वतःच्या चाचण्या असतात, त्या सगळ्या अपूर्ण. आणि मेमरी पुसल्यानंतर गाडी किती चालली, तेही दिसतं. धुळे ते जळगाव, बस तेवढीच." त्यांनी हात झटकले. "सकाळी पुसून आलेत. काय होतं देव जाणे, पण पुसलंय."

स्मिता आत गेली. तिने दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला निघाले होते. काकू अंगणात कपडे भिजवत होत्या. नानांच्या शर्टाचा खिसा चाचपताना त्यांच्या हाताला काहीतरी लागलं. त्यांनी ते वर धरलं. काळं, बोटभर, प्लॅस्टिकचं.

"हाई काय शे?"

नाना ओट्यावर चहा पीत होते. त्यांनी बघितलं आणि कप खाली ठेवला. माणसाचा चेहरा उतरणं मी पुष्कळ वाचलं होतं, तेव्हा समोर बघितलं. घाईत ते झाकण लावायला विसरले होते. धुळ्याला गेलेल्या गाडीचं सॉकेट उघडं होतं आणि झाकण इथे शर्टाबरोबर साबणाच्या पाण्यात जाणार होतं. त्यांचं ते चोराचं वाक्य कोणी त्यांना ऐकवलं नाही. गरजच नव्हती, ते त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

स्मिता लॅबला निघाली होती. तिने काकूंच्या हातातून झाकण घेतलं, पदराला पुसलं आणि बापासमोर ओट्यावर ठेवलं.

"त्यांचं आहे ना?"

"हो," नाना म्हणाले. मग सवयीने, "पण त्यांनी पुसलंय, स्मिता. काहीतरी होतं ते पुसून आले."

"आणि आपण?"

नानांनी शेजारचं वर्तमानपत्र उघडलं.

"नवी साडी, पोहे, आणि विचारलं तर सांगू. आपण पण काल सकाळी पुसूनच बसलो होतो ना, नाना?" तिचा आवाज चढला नव्हता. "आमच्याकडे साखर जास्त आली की डॉक्टर लगेच गोळी लिहीत नाहीत. आधी विचारतात, रक्त उपाशीपोटी दिलं होतं का? तुम्ही त्यांना काही विचारलं तरी का? नुसतं त्यांच्या गाडीला विचारलं."

काकू म्हणाल्या, "वं पोर, बापले असं बोलतस का?"

"मला तो आवडला, आई," स्मिता म्हणाली. हे मात्र तिने काकूंकडे न बघता नानांकडे बघून म्हटलं, आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "कळवायचं असेल ते कळवा. पण सांगायचं तर सगळं सांगा. आपलंही." आणि ती गेली.

मला तेव्हा नानांचा राग आला होता, आणि त्यांची कीवही आली. मी बँकेत गेले. संध्याकाळी परत आले तर नाना माझ्या दारात उभे. राहायला आल्यापासून ते पहिल्यांदाच जिना चढून वर आले होते.

"उद्या सुटी आहे तुम्हाला. धुळ्याला जायचं का? बसने गेलो असतो, पण बसमध्ये धीर राहणार नाही. मी मधेच उतरेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. नानांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि सगळ्या रस्त्याने, एरंडोल गेलं, पारोळा गेलं, तरी त्यांचा एक हात वरच्या खिशावरून हलला नाही. स्कॅनर त्यांनी घरी ठेवला होता. त्याच्याशिवाय ते मला अर्धेच दिसत होते. एकदा फक्त म्हणाले, "क्लच अर्धा दाबून ठेवू नका."

आबांनी आम्हाला बघितलं आणि होकार घेऊन आलेत की नकार, हे त्यांना चेहऱ्यावरून कळेना. बसवलं, पाणी दिलं. प्रशांत आतून आला. नानांनी पाण्याला हात लावला नाही. खिशातून झाकण काढून टीपॉयवर ठेवलं.

"हे तुमच्या गाडीचं."

प्रशांतने ते उचलून बघितलं. "अरे, हे! मला वाटलं, गळून पडलं. मी सीटखाली शोधत होतो."

"गळलं नाही. मी काढलं. तुम्हाला न विचारता." आणि मग नाना बोलत गेले, वर्गात बोलावं तसं पुस्तकी मराठीत, मान खाली घालून. सावलीचं निमित्त काढून चावी घेतली, यंत्र लावलं, आत काय दिसलं, त्यावरून आपण काय ठरवलं, सगळं. झाकण विसरलो हे सांगताना थांबले. मग म्हणाले, "हे तुमच्याकडचं झालं. आता माझ्याकडचं. तुम्ही विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नव्हतं. माझ्या मुलीचा आधी साखरपुडा झाला होता. तो मोडला. तिचा दोष नव्हता. पण सांगायला हवं होतं."

आबांनी पानाचा डबा जवळ ओढला. त्यांच्या चेहऱ्यावर राग दिसेल म्हणून मी खुर्चीच्या काठावर आले होते.

"माहीत शे आम्हले," ते शांतपणे म्हणाले. "खान्देशमा मोडेल साखरपुडा झाकाई ऱ्हास का, भाऊ? पोरगीबद्दल विचारीसनच उनूत आम्ही. तिनं नाव कोनी खराब सांगं नही." मग त्यांनी पान हातातच ठेवलं. "पन आमनी गाडीमा पुसासारखं काय व्हतं? सकायले ती सुरूच व्हये ना. उन्हानं बॅटरी बसी गयी व्हती. नवी टाकी आनि निंघनूत, म्हनीसन ते उशीर व्हयना."

नाना उठले. बाहेर अंगणात गेले, आम्ही मागोमाग. गाडीपाशी थांबून त्यांनी प्रशांतला विचारलं, "बॉनेट उघडू का?" प्रशांतने आतून खटका ओढून दिला.

सगळ्या इंजिनावर वर्षांची धूळ होती आणि मधोमध ती कोरी करकरीत बॅटरी. तिच्या एका टोकावरची लाल प्लॅस्टिकची टोपी अजून दुकानातल्यासारखी चमकत होती. बॅटरी काढली की संगणकाचा वीजपुरवठा तुटतो आणि मेमरी आपोआप जाते. कोणी पुसावी लागत नाही. ओट्यावर पाहुणे बसलेले असताना बॉनेट उघडलं असतं तर सगळ्यांना दिसलं असतं, म्हणून नानांनी ते उघडलं नव्हतं. चोरून बघायचं म्हणून फक्त पोर्ट बघितला होता. आधी बॉनेट, मग डोळे, हे ज्याने उभ्या जिल्ह्याला शिकवलं, तोच नेमक्या त्या दिवशी उलट्या बाजूने शिरला.

एका हाताने बॉनेटचा काठ धरून त्यांनी त्या लाल टोपीला बोट लावलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हाई ते पहिला वरीसनं शे. हाऊ प्रश्न मी दर वरीसले परीक्षामा टाकू."

त्यांचा आवाज मला कसातरीच लागला. मी त्यांच्यावर इतके दिवस हसले होते, पण त्या क्षणी कोणी हसलं असतं तर मला खपलं नसतं. कोणी हसलं नाही. नानांनी बॉनेट खाली घेतलं, झाकणासाठी हात पुढे केला आणि प्रशांतला विचारलं, "लावू का?"

"लावा."

ते दाराशी गुडघ्यावर बसले. चाचपलं, झाकण बसलं, टक् असा आवाज आला. उठताना त्यांना प्रशांतने हात दिला आणि तो हात न सोडताच विचारलं, "तुम्ही आलात हे स्मिताला माहीत आहे?"

"तिनेच पाठवलं."

"मग पुढचं मी तिच्याशीच बोलतो," तो म्हणाला आणि मोबाईल घेऊन गच्चीवर गेला. आम्ही आत जाऊन चहा प्यायलो. चहा संपला, दुसरा आला, आबांनी कापसाच्या बियाण्यांवर बोलणं सुरू केलं, तरी तो खाली आला नाही. आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. नानांनी कप ठेवून त्याच्याकडे बघितलं आणि डोळे पुसले. घाम पुसला, असं त्यांनी मला परतीच्या वाटेवर सांगितलं.

लग्न झालं. माझीही पुढे नाशिकला बदली झाली, खोली सोडली. नानांचा फोन अधूनमधून येई, त्यात आधी गाडीची चौकशी आणि मग माझी. स्मिताच्या मुलीच्या बारशाला मी धुळ्याला गेले तेव्हा पुन्हा मे महिनाच होता. नाना-काकू आधीच आलेले. माजघरात बायकांची गर्दी, पाळण्याला फुगे. तेवढ्यात प्रशांत बाहेरून आला, त्याने खिशातून चावी काढली आणि सगळ्यांसमोर सासऱ्यांपुढे धरली.

"नाना, गाडी उन्हात आहे. जरा सावलीत लावता का?"

काकूंच्या हातातली घुगऱ्यांची वाटी थांबली. स्मिता पाळण्यापाशी खाली बघून हसू दाबत होती. नानांनी आधी चावीकडे बघितलं, मग जावयाकडे. चावी घेतली आणि बाहेर पडले.

मी खिडकीशी गेले. खरं सांगायचं तर मी ते पाय दिसायची वाट बघत होते. गाडी सुरू झाली, वळली, चिंचेखाली जाऊन उभी राहिली. इंजिन बंद झालं. दार उघडलं. आधी पायच बाहेर आले, पण दोन्ही चपलांसकट, आणि जमिनीवर टेकले. नानांनी दार लावलं, लागलं की नाही ते ओढून बघितलं आणि उन्हातून तडक घरात आले.

चावी प्रशांतच्या हातात ठेवून म्हणाले, "लावली."

"काही बघितलं नाही?"

"बघितली ना. सावली दाट आहे," नाना म्हणाले, आणि नातीला घ्यायला त्यांनी दोन्ही हात पुढे केले.